शासकीय खर्च आणि आर्थिक वाढ : वऱ्हाडच्या अनुभवातून

अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना पेढी नदीच्या काठी वलगाव लागते. २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबांनी या गावाजवळ देह ठेवला. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे बाबांनी यात्रेकरूंसाठी ज्या धर्मशाळा उभ्या केल्या, त्या लोकांनी दिलेल्या पैशातून. तो पैसा कोणी किती दिला, याची आज फारशी कोणाला आठवण नाही; परंतु त्यातून उभ्या राहिलेल्या वास्तू अर्धशतकाहून अधिक काळ लोकांच्या उपयोगी पडत आल्या आहेत. बाबांच्या कार्याकडे कीर्तन आणि स्वच्छता यांच्या अंगाने नेहमीच पाहिले जाते. लोकांच्या पैशाचा विनियोग कसा करावा, या अंगाने मात्र ते क्वचितच पाहिले जाते.

शासनाचा पैसा हाही लोकांचाच पैसा होय. वलगावातून जाणारा रस्ता, नदीवरील पूल, जिल्हा परिषदेची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र या सर्वांमागे शासकीय खर्च आहे. दरवर्षी अर्थसंकल्प मांडला गेला की अमुक खात्याला इतक्या कोटींची तरतूद, तमुक योजनेत इतकी वाढ, असे आकडे वृत्तपत्रांतून झळकतात. जितकी तरतूद मोठी तितका विकास मोठा, असे अनेकांना वाटते. याच्या अगदी उलट, शासनाने केलेला खर्च म्हणजे वाया गेलेला पैसा, असे मानणाराही एक वर्ग आहे. दोन्ही समजुतींना थोडाथोडा आधार आहे आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. देशाची आर्थिक वाढ म्हणजे वर्षागणिक वस्तूंच्या व सेवांच्या उत्पादनात होणारी वाढ. शासनाने खर्च केलेल्या रुपयामुळे हे उत्पादन वाढते का, आणि वाढत असल्यास केव्हा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. सुदैवाने, त्याची उत्तरे शोधण्यासाठी महाराष्ट्राबाहेर फारसे जावे लागत नाही.

रुपया फिरतो तो किती?

१९२९ नंतर जगभर मंदी पसरली. कारखाने होते, कामगार होते, पण मालाला गिऱ्हाईक नव्हते. अशा वेळी शासनाने हात आखडता न घेता खर्च वाढवावा, म्हणजे लोकांच्या हाती पैसा येईल आणि थांबलेली चाके पुन्हा फिरू लागतील, असे इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रतिपादन केले. एकाने केलेला खर्च हे दुसऱ्याचे उत्पन्न असते, या साध्या गोष्टीवर हा विचार उभा आहे. यालाच अर्थशास्त्रात गुणकाचे तत्त्व म्हणतात.

समजा, वलगाव परिसरात नाला खोलीकरणाचे काम निघाले आणि एका मजुराला १०० रुपये मजुरी मिळाली. त्यातील ८० रुपये त्याने बाजारात खर्च केले. ते दुकानदाराला, शिंप्याला, दूधवाल्याला मिळाले. त्यांनी आपापल्या उत्पन्नातील पाचात चार हिस्से पुन्हा खर्च केले, तर पुढच्या फेरीत ६४ रुपये, त्यापुढे ५१ रुपये, असे करीत मूळच्या १०० रुपयांतून एकूण ५०० रुपयांचे उत्पन्न निर्माण होते. कागदावर हे गणित मोहक दिसते. प्रत्यक्षात मजुराने घेतलेला साबण, तेल, कापड आणि भ्रमणध्वनीचा भरणा यांतील बराच पैसा तालुक्याबाहेर जातो. खर्च केलेल्या ८० रुपयांपैकी निम्मेच गावात व जवळपास राहिले असे धरले, तर फेऱ्या १००, ४०, १६ अशा झपाट्याने आटतात आणि एकूण उत्पन्न १६७ रुपयांच्या आसपास थांबते. उरलेला लाभ नाहीसा होत नाही. तो कारखाने जेथे आहेत तेथे होतो. देशाच्या हिशेबात तो जमा असतो, तालुक्याच्या हिशेबात नसतो. ग्रामीण भागात एवढा पैसा येऊनही गाव तसेच का राहते, या नेहमीच्या प्रश्नाचे निदान एक कारण येथे सापडते.

ही गळती वऱ्हाडला नवी नाही. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि पुढील काही वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग अकोला, बडनेरा या ठिकाणांवरून १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. या रेल्वेच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती. नफा कमी पडला तर फरक हिंदी तिजोरीतून भरून निघे. खर्च प्रचंड झाला आणि त्याने कापसाचा व्यापार वाढला, हेही खरे. परंतु रूळ, इंजिने आणि यंत्रसामग्री इंग्लंडहून येत होती आणि वऱ्हाडचा कापूस त्याच मार्गाने मुंबई बंदराकडे व पुढे लँकेशायरकडे जात होता. रुपया फिरत होता, पण त्याच्या बहुतेक फेऱ्या समुद्रापलीकडे पूर्ण होत होत्या.

दुष्काळाची मजुरी

शासकीय खर्चाचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्राने १९७२-७३ च्या दुष्काळात घालून दिले. त्या दुष्काळाची तीव्रता मराठवाडा, नगर, सोलापूर या भागांत अधिक होती. वऱ्हाडला त्याची झळ त्या मानाने कमी लागली. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली होती. खडी फोडण्याची, रस्त्यांची, पाझर तलावांची कामे ठिकठिकाणी चालू होती. पीक बुडाले, पण मजुरीमुळे लोकांची खरेदीशक्ती टिकून राहिली आणि पैसा हाती असलेल्या लोकांकडे धान्य खेचले गेले. व्यापारी मार्गाने ते आले, तसेच रेशनच्या दुकानांतूनही आले. त्या काळातील लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी जुन्या पिढीच्या स्मरणात आजही आहे. धान्य आलेच नसते तर हीच मजुरी केवळ भाववाढीला कारण झाली असती. केन्स यांच्या विचारातील ही अट अनेकदा विसरली जाते. रिकामे हात आणि मिळू शकणारा माल, ही दोन्ही असतील तेव्हाच शासनाच्या खर्चाने उत्पादन वाढते. माल नसेल तर वाढतात त्या किमती.

या प्रयोगामागील कल्पना मुख्यतः विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास तिची चाचणी झाली होती. पुढे तिला कायद्याचे स्वरूप मिळाले आणि महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. काम मागणाऱ्या प्रौढ व्यक्तीला काम देणे हे शासनावर बंधनकारक झाले. २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी जो ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, त्यात महाराष्ट्राचाच अनुभव पायाभूत होता.

योजनेचा पैसा कोठून आला, हे आजच्या चर्चेत सहसा सांगितले जात नाही. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर लागू केला. मुंबईतील कारकून, पुण्यातील प्राध्यापक, अमरावतीतील वकील यांच्या उत्पन्नातून दरमहा थोडी रक्कम कापली जाऊ लागली आणि तेवढाच वाटा शासनाने आपल्या तिजोरीतून घालावयाचा, अशी व्यवस्था झाली. म्हणजे शहरातील नियमित उत्पन्न असलेल्या वर्गाकडून खेड्यातील मजुराकडे पैसा वळला. वाढीच्या दृष्टीने याला महत्त्व आहे. ज्याच्याकडे पुरेसे आहे त्याच्याकडून शंभर रुपये घेतले तर त्याच्या खरेदीत फार फरक पडत नाही; ज्याची चूल मजुरीवर चालते त्याला ते दिले तर जवळजवळ सर्वच्या सर्व बाजारात येतात.

मजुरी खर्च झाली, बाजार हलला, येथवर ठीक. पण रोजगार हमीच्या कामाचे दुसरे अंगही होते. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती यांसारखी उत्पादक कामे घ्यावीत, असा योजनेचा दंडक होता. जेथे तलावात पाणी मुरले आणि खालच्या विहिरींना ते लागले, तेथे मजुराला पुढच्या वर्षी हमीच्या कामावर जाण्याची गरज कमी झाली. जेथे खडी फोडून रस्त्याच्या कडेला ढीग रचले गेले आणि रस्ता झालाच नाही, तेथे मजुरी तेवढी पदरात पडली. दोन्ही ठिकाणी लेखाशीर्ष एकच आणि खर्ची पडलेली रक्कमही कदाचित सारखीच.

गाडगीळांनी मांडलेला हिशेब

शासकीय खर्चाच्या या दुसऱ्या अंगाचा काटेकोर अभ्यास महाराष्ट्रात फार पूर्वी झाला आहे आणि तो पुन्हा वाचण्यासारखा आहे. नगर जिल्ह्यात प्रवरा नदीवर भंडारदरा येथे बांधलेले धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. दुष्काळी भागाला संरक्षण म्हणून गोदावरी व प्रवरा कालवे काढण्यात आले होते. सरकारी हिशेबाच्या दृष्टीने ते तोट्याचे होते. पाणीपट्टीतून भांडवलावरील व्याजही नीट निघत नव्हते. एखाद्या व्यापारी पेढीने असा व्यवहार केला असता तर ती बुडीत धंद्यात निघाली असती.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी या कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कालव्याचा लाभ केवळ पाणीपट्टीने मोजणे अपुरे आहे, अशी त्यामागील भूमिका होती. ओलिताखाली आलेल्या शेतातील वाढीव पीक, त्यासाठी लागलेली अधिक मजुरी, मालाची ने-आण, बाजारपेठेतील उलाढाल आणि या सर्वांमधून शासनाला अन्य मार्गांनी मिळणारा महसूल, हे सारे हिशेबात धरले पाहिजे. ओलिताचा आणि कोरडवाहू असा शेजारी प्रदेश घेऊन दोहोंची तुलना करण्याची त्यांची पद्धत होती. ती आजही तालुका पातळीवर वापरण्याजोगी आहे. एखादा सिंचन तलाव झाल्यावर लाभक्षेत्रातील गाव आणि शेजारचे वंचित गाव यांची पीकपाहणी, दूध संकलन आणि शाळेतील पटसंख्या समोरासमोर ठेवून पाहण्यास फार मोठे प्रशिक्षण लागत नाही. सातबाराच्या नोंदी आणि शाळेची हजेरीपुस्तके गावातच असतात.

प्रवरेची गोष्ट अहवालाने संपत नाही. १९५०-५१ मध्ये लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि स्वतः गाडगीळ त्याच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते. शासनाने धरण बांधले, कालवा काढला. शेतकऱ्यांनी ऊस लावला. मग त्याच शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा करून कारखाना उभारला. त्यामागून रस्ते, शाळा, पतपुरवठा आला. शासनाच्या एका रुपयामागे लोकांचे अनेक रुपये गुंतवणुकीत उतरले. शासनाच्या खर्चाने खासगी गुंतवणूक मागे रेटली जाते, असा एक आक्षेप अर्थशास्त्रात नेहमी घेतला जातो. येथे नेमके उलट घडले. मात्र धरण पूर्ण होण्यापासून कारखान्याचा पहिला हंगाम येईपर्यंत जवळजवळ २५ वर्षे लागली, हेही दृष्टीआड करता येत नाही. पाच वर्षांच्या मुदतीत फळ मागणाऱ्याला हा खर्च वायाच गेला असे वाटले असते. कदाचित त्या काळी अनेकांना तसे वाटलेही असेल.

लोकांची शक्ती ओढून घेणारा खर्च नेहमी मोठाच असावा लागतो असे नव्हे. २०००-०१ मध्ये राज्य शासनाने सुरू केलेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान हे याचे उदाहरण. शासनाकडून दिली जाणारी रक्कम ही केवळ बक्षिसांची. परंतु त्यामागे गावोगावी लोकांनी केलेले श्रमदान आणि जमवलेली वर्गणी बक्षिसाच्या रकमेहून कितीतरी मोठी होती.

खाऱ्या पाण्याची जमीन

वलगावहून पश्चिमेकडे भातकुली, दर्यापूरच्या दिशेने सरकत गेले की जमीन काळी आणि भारी होत जाते, पण विहिरीचे पाणी जिभेला खारट लागते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात सुमारे ४.७ लाख हेक्टरांवर हा खारपाण पट्टा पसरला आहे. भूगर्भातील पाण्यात क्षार अधिक, जमिनीतून निचरा कमी. असे पाणी पिकाला सतत दिले तर पीक तर हाती लागत नाहीच, शिवाय चांगली जमीन बिघडते.

राज्याच्या अन्य भागांत सिंचन विहिरीसाठी दिलेले अनुदान हा शासकीय खर्चाचा उत्तम प्रकार ठरू शकतो. तीच विहीर खारपाण पट्ट्यात खोदली, तर मजुरी मिळेल, सिमेंट विकले जाईल, खर्चाचा दाखला वेळेवर सादर होईल आणि पाणी मात्र निरुपयोगी राहील. येथे कामाचे असते ते पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात साठवणे, नाल्यांवरील बांधांतून ते अडवणे आणि भर पावसाळ्यात खंड पडला की कपाशीला एखादे संरक्षित पाणी देणे. २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविण्यात आलेल्या, सुमारे ४ हजार कोटी रुपयांच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाण पट्ट्यातील गावांचा स्वतंत्र विचार करण्यात आला, तो याच कारणाने. मुंबईत ठरलेली एकच मापाची योजना सर्व जिल्ह्यांना लावण्याचा मोह शासनव्यवस्थेत नेहमीच असतो. तिला मापे सोपी जातात. जमिनीला जात नाहीत.

पिण्याच्या पाण्याचे उदाहरणही येथलेच. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या वान, शहानूर यांसारख्या धरणांतून प्रादेशिक योजनांद्वारे या पट्ट्यातील खेड्यांना गोडे पाणी पोहोचविले जाते. अशा योजनेची पाणीपट्टी आणि तिचा देखभाल खर्च यांचा मेळ बसत नाही, ही अधिकाऱ्यांची रास्त तक्रार आहे. परंतु गाडगीळांच्या पद्धतीने हिशेब मांडला, तर दूरवरून हंडे वाहण्यात जाणारे स्त्रियांचे तास, आजारपणात बुडणारी मजुरी आणि पाण्यासाठी घरी ठेवल्या जाणाऱ्या मुलींची शाळेतील गैरहजेरी यांनाही रकाने द्यावे लागतील. ते रकाने भरले की योजनेच्या तोट्याचे चित्र बरेच बदलते.

उलट दिशेचा अनुभव वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात आला. तेथे पाणी गोडे, जमीन अनुकूल, बाजारपेठ तयार. विहिरी व विंधन विहिरी वाढत गेल्या, पंपांना सवलतीची वीज मिळाली, उत्पन्न वाढले आणि भूजलाची पातळी खोल खोल गेली. पाणी आटल्यावर फळावर आलेल्या बागा तोडाव्या लागल्या. शासकीय साहाय्याने वाढ घडवून आणता येते. तिच्याखालचे पाणी किती पुरेल, हा हिशेब अनुदानाच्या अर्जात नव्हता.

अपुऱ्या कामांचा भार

मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण १९९३ च्या सुमारास पूर्ण झाले. ५६४ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठ्याचे हे धरण अमरावती शहराची तहान भागवते आणि अमरावती व वर्धा जिल्ह्यांतील शेतीला पाणी देते. पुढे त्याच्या पाण्यातील वाटा नांदगावपेठ येथील औष्णिक वीज केंद्राला देण्यावरून वाद झाला आणि शेतीचे पाणी कमी होईल, अशी भीती शेतकऱ्यांनी व्यक्त केली. एका सार्वजनिक कामावर किती निरनिराळ्या गरजा अवलंबून असतात, ते यावरून दिसते. पण हे धरण निदान पूर्ण झालेले आहे. वऱ्हाडात अनेक प्रकल्पांचे तसे झाले नाही.

प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करण्यासाठी १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली. १९८४ मध्ये सादर झालेल्या अहवालात तिने राज्यातील विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा दाखविला आणि त्यातील सुमारे ३९ टक्के अनुशेष विदर्भाचा होता. अनुशेष हा शब्द तेव्हापासून राज्याच्या राजकारणात रुजला. पुढे वैधानिक विकास मंडळे आली, राज्यपालांचे निधीवाटपाचे निर्देश आले, १९९७ मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झाले. विदर्भाच्या इतर भागांतील सिंचनाचा अनुशेष कागदोपत्री भरून निघाल्यावरही अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा या जिल्ह्यांतील अनुशेष रेंगाळत राहिला.

पैसा आलाच नाही असे म्हणता येत नाही. अडचण त्याच्या वाटपाच्या रीतीत होती. १०० कोटींच्या धरणावर ९० कोटी खर्च झाले आणि घळभरणी किंवा कालवा राहिला, तर ९० टक्के लाभ मिळत नाही. बहुधा काहीच मिळत नाही. ते ९० कोटी व्याजाचा भार वाढवीत पडून राहतात, भूसंपादनाचे दर चढतात, सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते आणि १०० कोटींचे काम दुपटीवर जाते. असे असूनही एका कामाला पुरेसा निधी देऊन ते संपविण्याऐवजी दहा कामांना थोडा थोडा देण्याकडे कल राहतो, कारण दहा ठिकाणी नारळ फुटतो. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीनुसार पिकाखालील एकूण क्षेत्राशी सिंचित क्षेत्राचे प्रमाण २०००-०१ मध्ये १७.८ टक्के होते आणि २००९-१० मध्ये १७.९ टक्के. दरम्यानच्या काळात सिंचनावर मोठा खर्च झाला होता. या आकड्यांवरून वादळ उठले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये शासनाने श्वेतपत्रिका काढून आपली आकडेवारी मांडली. आकडा कोणाचा बरोबर, हा वाद बाजूला ठेवला तरी तरतूद आणि सिंचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वादाने सर्वांना दाखवून दिले.

कर्ज आणि लेखाशीर्षे

शासनाकडे स्वतःचा असा पैसा नसतो. तो कराने घ्यावा लागतो, कर्जाने उभारावा लागतो, नाहीतर नोटा छापून आणावा लागतो. शासनाने बाजारातून फार कर्ज उचलले तर व्याजदर चढतात आणि कारखानदाराला, शेतकऱ्याला ते महाग पडते; नोटांचा मार्ग भाववाढीकडे नेतो. म्हणून केंद्राने २००३ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये वित्तीय उत्तरदायित्वाचे कायदे करून तुटीला मर्यादा घातली. केंद्राच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात भांडवली खर्चासाठी ११.११ लाख कोटी रुपये ठेवण्यात आले होते आणि त्याच अर्थसंकल्पात व्याजाची तरतूद ११.६३ लाख कोटींची होती. जपानने १९९० नंतरच्या मंदीत पूल, रस्ते, धरणे यांवर अफाट खर्च केला. कर्ज वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक झाले, तरी वाढीचा जुना वेग परतला नाही.

तज्ज्ञ खर्चाचे दोन भाग करतात. वेतन, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने हा महसुली खर्च. धरणे, रस्ते, इमारती हा भांडवली खर्च. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेतील अभ्यासकांनी २०१३ मध्ये केलेल्या अंदाजानुसार भांडवली खर्चाचा एक रुपया देशाच्या उत्पन्नात सुमारे २.४५ रुपयांची भर घालतो, तर महसुली खर्चाचा रुपया जेमतेम रुपयाएवढीच. केंद्राने अलीकडच्या वर्षांत भांडवली खर्चावर भर दिला, त्यामागे असेच अंदाज आहेत. परंतु ही सर्व देशाची सरासरी आहे. अपुऱ्या राहिलेल्या कालव्याला ती लागू पडत नाही.

शिवाय ही विभागणी हिशेबतपासनिसाची आहे, शेतकऱ्याची नव्हे. अकोला येथे १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले; आज ते डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने ओळखले जाते. तेथील शास्त्रज्ञांचा पगार हा महसुली खर्च आणि इमारतीचा रंग लागलेला सज्जा हा भांडवली खर्च. पण वऱ्हाडच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरात पडले ते ‘पीकेव्ही रजत’सारखे कपाशीचे वाण, म्हणजे पगारातून निघालेले काम. प्राथमिक शिक्षकाचा पगारही महसुली खर्चातच मोडतो. तिसरीतले मूल वाचायला शिकले की त्याची कमाई पुढील चाळीस वर्षे वाढते. ते न शिकताच चौथीत गेले तर पगार तेवढाच खर्च होतो आणि वाढ होत नाही. शाळेची नवी खोली भांडवली नोंदवहीत चढते, वाचता येणे कोणत्याच नोंदवहीत चढत नाही.

आकडेवारीवरून निष्कर्ष काढताना आणखी एक सावधगिरी लागते. देश जसजसा संपन्न होतो तसतसा शासनाचा खर्चही वाढत जातो, असे जर्मन अर्थशास्त्रज्ञ अडॉल्फ वॅग्नर यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदविले होते. त्यामुळे खर्च आणि उत्पन्न एकत्र वाढलेले दिसले, तरी कोणामुळे कोण वाढले हे त्यावरून ठरत नाही.

ग्रामपंचायतीच्या हाती आलेला पैसा

चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशींमुळे २०१५ पासून केंद्राचा निधी थेट ग्रामपंचायतींच्या खात्यात येऊ लागला आणि राज्यात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने गावाचा आराखडा ग्रामसभेत करण्याची पद्धत सुरू झाली. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी यातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बंधित केली. पूर्वी गावाला काय मिळाले, एवढेच सरपंच विचारू शकत होते. आता काय निवडले, असे त्यांना विचारता येते.

निवडीच्या वेळी नवे काम नेहमीच आघाडीवर असते. सभामंडप, प्रवेशद्वार, पेव्हर ब्लॉक यांना उद्घाटन असते. नालीतील गाळ काढण्याला, पाझर तलावाच्या सांडव्याच्या डागडुजीला, शाळेच्या गळक्या छताला नसते. फेब्रुवारी सरत आला की निधी परत जाण्याच्या भीतीने जे पटकन होईल ते काम पुढे येते, आणि पटकन होणारे काम बहुतेक वेळा सिमेंटचेच असते. ज्या तालुक्यांत रोजगार हमीचे जुने पाझर तलाव आहेत, तेथे मातीची भर आणि सांडव्याची दुरुस्ती यांवर होणारा खर्च नव्या तलावाच्या तुलनेत अल्प असतो. त्यातील बहुतेक रक्कम गावातच मजुरीच्या रूपाने राहते आणि तलावाखालच्या विहिरींना पुढच्याच हंगामात पाणी वाढते. त्यासाठी आधी गावातील सार्वजनिक मालमत्तेची नोंदवही अद्ययावत असावी लागते. कोणते काम कोणत्या वर्षी झाले, किती खर्च आला, शेवटची दुरुस्ती केव्हा झाली आणि आज त्याचा उपयोग होतो किंवा नाही, एवढे चार रकाने त्यात असले तरी ग्रामसभेत आराखडा मंजुरीला ठेवण्यापूर्वी ती वाचून दाखविता येते.